निमगाव साव्याचं इंजिन

विहिरीवरच्या मोटारीला लाइट यायला अजून अवकाश आहे. आली तरी एकट्यानं कुणी वावरात उतरायचं नाही, बिबट्या कालच ओढ्याला दिसलाय. तोवर बसा इथं, एक सांगतो. ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतलं त्याला तुम्ही सगळे ओळखता. वारूळवाडीच्या रूपचंदशेठचा धाकटा, हितेश. त्या शेठच्या हार्डवेअरच्या दुकानात माझा जन्म गेला, त्यामुळं ह्यातलं बरंचसं मला त्याच्याच तोंडून कळलं.

तर एका दुपारी हा हितेश टेम्पो घेऊन निमगाव साव्याला निघाला. काम साधंच. एक जुनं डिझेल इंजिन बघायचं आणि पसंत पडलं तर घेऊन यायचं.

इंजिन कशाला? घर सजवायला.

हसू नका. पुण्यात नोकरीला असताना त्यानं कुठल्याशा हॉटेलात ती तऱ्हा पाहिली होती. विटांच्या उघड्या भिंती, छताला लोखंडी गर्डर, भिंतीवरून फिरवलेले तांब्याचे पाइप आणि त्यांच्या टोकांना पिवळे बल्ब. जागोजागी दातेरी चक्रं, वाफेचा दाब दाखवणारी पितळी घड्याळं. त्याला म्हणतात स्टीमपंक. आम्ही दुकानातले लोक स्टीमपंप म्हणायचो आणि हितेश दर वेळी दुरुस्त करायचा. शेवटी शेवटी तो दुरुस्तही करेनासा झाला, नुसते डोळे मिटायचा.

बंगला नवीन होता, वारूळवाडीतच, गावाच्या कडेला. अक्षय्य तृतीयेला वास्तू ठरलेली. आणि ठरल्यापासून एक काम त्याच्या मनासारखं होईना. हॉलची एक भिंत उघड्या विटांची ठेवायची म्हणून त्यानं गवंड्याला चार वेळा बजावलं. तो बाहेरगावी गेला तसं गवंड्यानं तिला सुरेख गिलावा करून टाकला. वर म्हणाला, "राह्यली व्हती शेठ, बरं दिसत न्हवतं." भंगारातून शोधून आणलेली गंजकी चक्रं पेंटरनं चंदेरी रंगवली. आई, गुलाबबाई, तांब्याच्या पाइपांवर पंचे वाळत घालायच्या. आणि रूपचंदशेठ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "लोक मर मर मरून पाइप भिंतीच्या आत घालतात. आमच्या चिरंजीवांनी बाहेर काढलेत."

बायको हर्षा तेवढी काही बोलायची नाही. ती पुण्याची, फ्लॅटमध्ये वाढलेली. तिचं एकच म्हणणं असायचं, "हॉलमध्ये बसायला जागा ठेवा म्हणजे झालं."

असा तो सगळ्यांवर चिडलेला, आणि त्याच्या डोक्यात एकच होतं. हॉलच्या मधोमध एक अस्सल जुनं इंजिन मांडलं की सगळ्यांची तोंडं बंद होतील.

निमगाव साव्याच्या शिवारात, एका विहिरीच्या काठावर, ते इंजिन चौथऱ्यावर बसवलेलं होतं. मोठं जड चाक, बाजूला फिरवायचं हँडल, वर डिझेलची टाकी. ऊनपावसानं काळं पडलेलं, पण कुठं मोडलेलं नाही. विकणारा बाळासाहेब. इंजिन त्याच्या चुलतीचं.

"चुलता गेल्यापास्नं कुनी हात लावला न्हाई," तो म्हणाला. "चालू बी होत न्हाई. न्या तुमी."

"चुलतीला विचारलंय ना?"

"ती दवाखान्यात हाय, डोळ्याच्या ऑपरेशनला. तिला काय करायचंय राव इंजिनाचं? रोज सांजंला येऊन नुसती त्याच्यापाशी बसती."

हितेशला तेवढं पुरलं. इंजिन टेम्पोत चढलं.

आळेफाट्याच्या गोरख वेल्डरनं ते साफ केलं. आतला पिस्टन काढून टाकला. नातेवाइकांच्या पोरांनी चाक फिरवून बोटं चिरडून घेऊ नयेत म्हणून चाक सांगाड्याला पक्कं वेल्ड केलं. मग ते हॉलमध्ये मांडलं. त्याच्या मागून तांब्याचा पाइप निघून भिंतीवर चढला, छताखालून वळला आणि पाच ठिकाणी बल्ब होऊन लोंबला. पाइपात फक्त वायर. पाण्याचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही, हे ध्यानात ठेवा.

वास्तूला सगळं गाव लोटलं. जेवण चांगलं झालं. जाताना जो तो हितेशचा हात हातात घेऊन म्हणायचा, "घर लई झकास. काम कधी संपनार?"

त्या रात्री तो जेवलासुद्धा नाही.

चार दिवस गेले असतील. सकाळी हॉलच्या फरशीवर पाणी. थोडंसंच, बशीभर. हितेशनं वर पाहिलं तर पाइपाच्या टोकाचा बल्ब पेटलेला, आणि बल्बच्या काचेवरून थेंब ओघळतोय.

प्लंबर आला. त्यानं पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"भाऊ, ह्यात पानी येनार कुठनं? हा पाइप कुठंच जात न्हाई."

"मग हे काय आहे?"

"ते मी कसं सांगू?"

हितेशनं दुसरा प्लंबर आणला. तोही तेच म्हणाला. मग त्यानं स्वतः करवत घेतली आणि पाइप मधोमध कापला. आत कोरडा खडखडीत. वायरीवर धूळ. तो जोडून होईस्तोवर रात्र झाली आणि सकाळी फरशीवर पुन्हा पाणी. गच्चीवरची टाकी रिकामी करून पाहिली. भिंत फोडून पाहिली. तोच गिलावा, ज्याच्यावरून एवढं भांडण झालं होतं. मागं कोरड्या विटा निघाल्या, बाकी काही नाही.

गुलाबबाईंनी खाली पातेलं ठेवलं. सकाळी पातेल्यात बोटभर गढूळ पाणी, त्यावर शेवाळाचा हिरवा तंतू. त्यांनी वास घेतला.

"हे नळाचं नाही रे. विहिरीचं आहे."

"मम्मी, विहीर कुठं आहे आपल्याकडं?" हितेश एवढ्यानं ओरडला की शेजारची माणसं दारात आली.

त्यातच आणखी एक. इंजिनाचं हँडल त्यानं वर करून ठेवलं होतं, फोटोत चांगलं दिसतं म्हणून. आता ते खाली होतं. त्यानं गोरखला फोन करून नको नको ते ऐकवलं. गोरख गाडी काढून आला, गुडघ्यावर बसला, वेल्डिंगवरून बोट फिरवलं.

"हितेशभाऊ, टाका तुटलेला न्हाई. हे चाक फिरलंच न्हाई."

"मग हँडल खाली कसं आलं?"

गोरखनं गाडीची किल्ली उचलली. चहासुद्धा न घेता गेला.

आता ती रात्र. वारूळवाडीला उन्हाळ्यात नळाचं पाणी कधी येईल त्याचा नेम नसतो, तुम्हाला माहीत आहे. येतं ते रात्रीबेरात्री. त्या रात्री उकाडा फार, म्हणून हितेश गच्चीवर जाऊन झोपला होता. हर्षा खाली खोलीत. अर्धवट झोपेत तिला हॉलमधून आवाज आला.

"पाणी आलं का?"

दमलेला, वैतागलेला आवाज. तिला वाटलं, नवराच खाली उतरून टाकीचं विचारतोय. असा वैतागलेला तो आता रोजच असायचा.

पुन्हा आवाज आला. "आलं का गं?"

तिनं कुशीवर वळत उत्तर दिलं. "आलं, आलं!"

आणि झोपली.

सकाळी चहा देताना म्हणाली, "रात्री कशाला ओरडत होता? पाणी आलं का, पाणी आलं का."

"मी? मी खाली आलोच नाही."

"मग विचारलं कुणी?"

हितेश कपाळावर आठ्या घालून म्हणाला, "पप्पांनी विचारलं असेल." रूपचंदशेठ त्या दिवशी नाशिकला लग्नाला गेलेले. ते दोघांच्याही लक्षात आलं.

त्या दिवसापासून पाण्याचं गळणं थांबलं. हितेशला बरं वाटलं. पण हर्षाचं बिनसलं. सकाळी उठायची ती अंग मोडून आल्यासारखी. कंबर धरलेली, दंड भरून आलेले. दुपारी जेवता जेवता डोळे मिटायचे. आणि हॉलमध्ये पाऊल टाकायला नको म्हणायची.

"त्या इंजिनापाशी ओल्या मातीचा वास येतो," ती म्हणाली.

हितेशचा तोल गेला. "गवंड्याला आवडत नाही, पप्पांना आवडत नाही, आता तुलाही नको! एक वस्तू मी माझ्या आवडीची घरात आणायची नाही का?"

"मी आवडीचं बोलतच नाही."

"मग?"

ती कंबर धरून उठली आणि आत गेली.

बुद्धपौर्णिमेची रात्र होती. सोमवार. हितेशनं ठरवलं, आज जागायचं. इंजिनाचं हँडल कोण हलवतं ते पकडायचं. त्याला अजून वाटत होतं की कुणीतरी त्याची मस्करी करतंय. हॉलचे दिवे बंद करून तो जिन्याच्या पायरीवर बसला. खिडकीतून चांदणं आत आलेलं. पितळी घड्याळांच्या काचा चमकत होत्या. हायवेवरून ट्रकचे आवाज येत होते. मग तेही विरळ झाले.

त्याला डुलकी लागली असावी.

जाग आली ती आवाजानं.

डुग.

बऱ्याच वेळानं पुन्हा. डुग... डुग...

त्यानं आधी हायवेकडं कान दिला. आवाज तिकडचा नव्हता.

चाक फिरत होतं.

वेल्ड केलेलं चाक. आत पिस्टन नाही, टाकीत थेंबभर डिझेल नाही. हळूहळू, जडपणे, दमल्यासारखं फिरत होतं. आणि हँडलपाशी... हँडलपाशी चांदणं पोचत नव्हतं. एवढीच जागा काळी होती. माणूस ओणवा उभा राहिला तर जेवढी अडेल, तेवढीच.

हितेशनं जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"आलं का?"

आवाज तिथूनच आला. रागाचा नव्हता. कितीतरी वेळ विचारून विचारून थकलेल्या माणसाचा होता.

आणि घराच्या मागून, लांबून, बाईच्या सुरात उत्तर आलं.

"आलं वंऽऽ..."

असा हेल फक्त रानातल्या बायका काढतात, या बांधावरून त्या बांधावर. पण आवाज... आवाज हर्षाचा होता.

तो उठला. धडपडत मागच्या दाराला गेला. दार सताड उघडं.

मागं मोकळा प्लॉट आहे. उन्हानं तडकलेली जमीन, भेगांत हात जाईल अशी. मधोमध हर्षा. गाऊन गुडघ्याच्या वर खोचलेला. वाकलेली. दोन्ही हातांनी माती ओढत होती. या बाजूची ओढायची, त्या बाजूला लावायची. मग चार पावलं पुढं. पाय उचलून उचलून टाकत होती. चिखलातून चालल्यासारखे.

पाणी कुठंच नव्हतं.

"हर्षा..."

तिनं पाहिलं नाही.

"हर्षा!"

"थांबा की," ती म्हणाली. "वाफा भरू द्या."

वाफा. तिनं जन्मात कधी वाफा पाहिलेला नाही. पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेली पोर ती.

घरातून आवाज आला. "आलं का गं?"

हर्षानं तोंड वर केलं, हात तोंडाशी नेला...

हितेशनं झेप घेतली आणि तिचं तोंड दाबून धरलं.

सगळं गप्प झालं. रातकिडेसुद्धा. आतलं डुग डुग थांबलं. कुणीतरी कान देऊन उभं असावं, तशी ती शांतता होती. ती किती वेळ होती ते तो आजही सांगू शकत नाही. तिच्या तोंडावरचा हात त्यानं काढला नाही. तिला छातीशी धरून तो तिथंच, त्या ढेकळांत, झुंजूमुंजू होईपर्यंत बसून राहिला.

उजाडल्यावर त्यानं गोरखला बोलावलं. काय झालं ते सांगितलं नाही, नुसतं म्हणाला, "टेम्पो आण." गोरखनंही विचारलं नाही. दोघांनी चार माणसं लावून इंजिन काढलं. रूपचंदशेठ दारात उभे होते. त्यांना मुलाला खूप काही ऐकवता आलं असतं. पण त्यांनी टेम्पोची फळी स्वतः लावली.

दुपार कलता कलता ते निमगाव साव्याला पोचले, तर विहिरीच्या काठावर रिकाम्या चौथऱ्याला टेकून एक म्हातारी बसली होती. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा. टेम्पोचा आवाज ऐकून ती उठली. माणसं इंजिन उतरवायला लागली तशी ती चाचपत आली आणि तिनं चाकाला हात लावला. मग वेल्डिंगच्या टाक्याला.

"बांधून घातलंत व्हय त्याला?" ती म्हणाली.

हीच झुंबरबाई. बाळासाहेबाची चुलती.

हितेश आला होता भांडायला, हे मला त्यानंच सांगितलं. असली वस्तू लोकांच्या गळ्यात मारता म्हणून बाळासाहेबाची गचांडी धरायची, असं रस्ताभर मनात घोळवत होता. पण त्या बाईसमोर त्यानं नुसतं विचारलं.

"आजी, हे इंजिन... कुणाचं?"

"आमच्या मालकाचं. हौशीराम नाव. तवा लाइट न्हवती हिकडं. रातचं पानी भरायचं. ते हितं इंजिनापाशी, मी पार त्या टोकाला वाफ्यात. हांडल मारलं की ते हाळी द्यायचे, आलं का? पानी माज्यापातुर पोचलं की मी सांगायची, आलं."

तिनं चष्मा सारखा केला.

"एका रातीला वारं उलटं व्हतं. मी सांगतेय आलं, आलं, अन् त्यांना ऐकूच जाईना. त्यांना वाटलं पानी चढत न्हाई. म्हून हिरीत उतरले बघायला, काय अडकलंय का."

ते पुन्हा वर आले नाहीत, हे विहिरीकडं पाहून कुणालाही कळलं असतं.

"तवापास्नं रोज सांजंला येते अन् सांगते, आलं म्हून. मग गप ऱ्हातात. ह्या बारीला डोळ्यासाठी दवाखान्यात ठिवलं मला, अन् ह्या मुडद्यानं इंजिन विकलं." जरा थांबून तिनं हितेशकडं तोंड वळवलं. "तुमच्याकडं इचारलं आसंल त्यांनी."

हितेशनं मान हलवली. तिला दिसलं नसावं.

"उत्तर कुनी दिलं?"

"...माझ्या बायकोनं."

म्हातारीनं चाकावरचा हात काढला. गोरख आपला उगाच इंजिन उतरवायची साखळी गुंडाळत राहिला.

"तिला म्हनावं, आता मी हाय," ती म्हणाली. "पन तिनं परत उत्तर द्यायचं न्हाई. कुनी बी इचारू दे."

गोरखनं ग्राइंडर काढला आणि चाकाचा टाका कापला. इंजिन चौथऱ्यावर ठेवलं. दिवस मावळायला टेकला होता. झुंबरबाई चाचपत बांधावरून पार त्या टोकाला गेली. रान पडीक, गवताची काडी नाही. तिथं उभी राहून तिनं हात तोंडाशी नेला.

"आलं वंऽऽ..."

सगळे विहिरीकडं बघत उभे राहिले.

काही झालं नाही. कुठं पान हललं नाही. फक्त त्या जड चाकानं अर्धा वळसा घेतला आणि ते थांबलं. उतारावर ठेवल्यामुळं असेल, गोरख म्हणाला. चौथरा सपाट होता.

त्या रात्री हर्षा गाढ झोपली. पुढंही बरी राहिली. कंबर सुटली, जेवण सुधारलं. हॉलमध्ये आता साधा सोफा आहे. नळाला पाणी आलं का, असं त्या घरात कुणी कुणाला विचारत नाही. जो तो स्वतः जाऊन तोटी उघडून बघतो.

महिनाअखेरीला हर्षाच्या पायांची आग व्हायला लागली म्हणून हितेश तिला नारायणगावात डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं बोटं फाकवून पाहिली. बेचक्यांतली कातडी पांढरी, फुगलेली, चिरलेली.

"चिखल्या आहेत," डॉक्टर म्हणाला. "दिवसदिवस चिखलपाण्यात उभं राहणाऱ्या बायकांना होतात. पण त्या पावसाळ्यात. वहिनी, तुम्ही कुठं उभ्या होता?"

हितेशच्या डोळ्यांपुढं तो प्लॉट आला. तडकलेला, भेगाळलेला. त्यानं मलम लिहून घेतलं आणि बायकोला घेऊन निघाला.

मलमानं त्या गेल्या. पुढच्या वैशाखात पुन्हा आल्या.

म्हातारी अजून आहे, धडधाकट आहे. रोज सांजंला हाळी देते, निमगावची माणसं ऐकतात.

आणि परवा हर्षा दुकानात आली होती. वैशाखातलं, डांबर चपलेला चिकटावं असलं ऊन. पायांकडं माझं लक्ष गेलं तसे तिनं ते मागं घेतले... बोटांच्या बेचक्यांत पांढरं मलम भरलेलं होतं.